परमुलखातला बट्टा

१९४८ सालच्या सप्टेंबर महिन्यापर्यंत बीड जिल्ह्यातील माणसाला परमुलखाचा अनुभव घेण्यासाठी समुद्र ओलांडण्याचे कारण नव्हते. आष्टी तालुक्याची शीव ओलांडून जामखेडच्या बाजाराला जो जाई, तो निजामाची हद्द मागे टाकून इंग्रजी अंमलात, आणि १९४७ नंतर स्वतंत्र भारतात, प्रवेश करी. आणि दोन्हीकडे भाषा एकच, पीकपाणी एकच, देवदैवते एकच असली तरी त्याच्या कनवटीचा रुपया मात्र त्या शिवेवर आपले मोल बदलत असे. निजामी राज्याचा रुपया तो हाली, इंग्रजी अंमलातला तो कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार हा सर्वसाधारण भाव, आणि या भावावर सराफ जो बट्टा घेई तो निराळा. त्या हाली रुपयाच्या एका अंगाला चारमिनारचे चित्र असे आणि चारमिनारच्या मधल्या कमानीत अखेरचे निजाम उस्मान अली खान यांच्या नावाचे आद्याक्षर ‘ऐन’ कोरलेले असे. १९१८ पासून तर या संस्थानाने आपल्या स्वतंत्र कागदी नोटाही काढल्या होत्या. शिवाय सरहद्दीवर करोडगिरीचे नाके बसलेले असत. शेकडा पाच हा जकातीचा जो दर १८०२ च्या व्यापारी तहाने ठरला होता, त्याची छाया या मुलखाच्या व्यापारावर शतकाहून अधिक काळ राहिली. साहजिकच ज्याला पलीकडून कापडचोपड किंवा भांडीकुंडी आणावयाची असत, तो वस्तूची किंमत विचारण्याआधी ती हालीत सांगता की कलदारात, हे विचारी. मग सराफाचा बट्टा धरी, मग करोडगिरी धरी, मग गाडीभाडे धरी. आणि हे सगळे मिळून जी रक्कम होई, तीच त्या वस्तूची खरी किंमत असे समजून घ्यावयाचे की सोडावयाचे ते ठरवी.

१३ ते १७ सप्टेंबर या पाच दिवसांत निजामाचे ते राज्य संपुष्टात आले. हाली रुपया पुढे काही वर्षे भारतीय रुपयाच्या जोडीने चालत राहिला आणि १९५९ पर्यंत चलनातून पूर्णपणे गेला. दरम्यान १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याबरोबर बीड जिल्हा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. शीव पुसली गेली हे उत्तमच झाले. परंतु शिवेने अंगी बाणवलेली ती विचारपूस मात्र तिच्याबरोबर पुसली गेली, आणि नेमक्या ज्या काळात जिल्ह्यातील माणसे पूर्वी कधी नव्हे इतक्या संख्येने खरोखरीच्या परदेशी जाऊ लागली, त्या काळात ती त्यांच्याजवळ उरली नाही, याची हळहळ वाटते. हजला आणि उमराहला जाणारे कुटुंब, पशुपतिनाथाच्या दर्शनाला निघालेली परळीकडील मंडळी, कृषी विभागाच्या अभ्यासदौऱ्यावर निघालेला गेवराईचा शेतकरी, दुबई नाहीतर बँकॉकची पाचसहा दिवसांची सहल घेणारे दुकानदार, आणि अमेरिकेतल्या लेकाकडे किंवा लेकीकडे सहा महिन्यांसाठी जाणारे सेवानिवृत्त गुरुजी व त्यांची पत्नी, असा हा आजचा बीडचा प्रवासी वर्ग आहे. यांतील बहुतेकांचा पैसा कष्टाचा आहे. कापसाच्या आणि सोयाबीनच्या बेभरवशाच्या भावावर ज्या जिल्ह्याचे अर्थकारण चालते आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची उचल घेऊन जेथील लाखो माणसे घर सोडतात, त्या जिल्ह्यात परदेशप्रवासाला लागणारे दोनचार लाख रुपये ही चैनीची बाब नव्हे. बहुधा ती कित्येक वर्षांची बचत असते. म्हणून तिचा पुरता मोबदला मिळणे हा माझ्या मते केवळ व्यवहारचातुर्याचा प्रश्न नाही, न्यायाचाही आहे.

माझे म्हणणे इतकेच आहे की, परदेशात पैसा जातो तो मुख्यतः तेथील महागाईमुळे जातो असे नाही. हॉटेलचे भाडे, टॅक्सीचे भाडे, जेवणाचा दर हे सगळे डोळ्यांना दिसते आणि दिसते त्याविषयी माणूस घासाघीस करतो. पैसा झिरपतो तो एका चलनातून दुसऱ्यात, एका हद्दीतून दुसरीत, एका हातातून दुसऱ्या हातात जाताना. म्हणजे पूर्वी ज्याला बट्टा, वटाव आणि हुंडणावळ म्हणत त्या वाटेने. आणि ही वाट आज कागदावर दिसतही नाही.

हजच्या प्रवासापासूनच आरंभ करणे योग्य, कारण बीडमधून परदेशी जाण्याची सर्वांत जुनी आणि सर्वांत अखंड अशी परंपरा तीच आहे. एकेकाळी हा प्रवास मुंबईहून आगबोटीने होत असे. १८७७ साली स्थापन झालेल्या मोगल लाइन कंपनीच्या बोटी यात्रेकरूंना जेद्दाला नेत. बोट सुटेपर्यंत मुंबईत राहावयाचे तर क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दिक मुसाफिरखान्यासारख्या धर्मादाय वास्तूंचा आधार असे, आणि समुद्रमार्गाची ही यात्रा विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत चालू होती. या यात्रेत चलनाचा प्रश्न किती महत्त्वाचा होता, याची एक साक्ष रिझर्व्ह बँकेच्या इतिहासात आहे. १९५९ साली बँकेने केवळ हजयात्रेकरूंसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या वेगळ्या नोटा काढल्या. त्यांच्या क्रमांकाआधी ‘एचए’ ही अक्षरे असत आणि त्या सौदी अरेबियात वापरण्यासाठी होत्या, भारतात त्या चालत नसत. त्याच वर्षी कुवेत, बहरीन, कतार या आखाती मुलखांसाठीही निराळ्या नोटा निघाल्या. कारण उघड होते. भारतीय रुपया त्या काळी आखातात सर्रास चालत असे, चोरट्या सोन्याच्या मोबदल्यात तो ढिगांनी तिकडे जाई, आणि परत आलेल्या त्या रुपयांच्या बदल्यात सरकारला पौंडाची गंगाजळी रिती करावी लागे. म्हणजे यात्रेकरूच्या हातातली नोट ही नुसती खर्चाची चिठ्ठी नसून दोन सरकारांमधल्या हिशेबाचा भाग होती.

परंतु या यात्रेत बीडच्या माणसाला जे एक खरे सवलतीचे दान लाभलेले आहे, त्याची माहिती जिल्ह्यातही पुष्कळांना नाही. मक्केत निजामाची रुबात या नावाने ओळखली जाणारी धर्मशाळा आहे. एकोणिसाव्या शतकात हैदराबादच्या राज्यकर्त्यांनी आपल्या प्रजेतील यात्रेकरूंसाठी तेथे वास्तू घेऊन त्या धर्मादाय करून ठेवल्या. राज्य गेले, तरी दान देताना घातलेली अट गेली नाही. म्हणून आजही त्या जुन्या हैदराबाद संस्थानाच्या मुलखातले, म्हणजे तेलंगणातले, कर्नाटकाच्या कलबुर्गी-बिदर भागातले आणि मराठवाड्यातले यात्रेकरूच तेथे विनामूल्य राहण्यास पात्र ठरतात. जागा मोजक्या असल्यामुळे अर्जदारांतून कुर्रा, म्हणजे चिठ्ठ्या, काढून निवड होते. ज्या वर्षी ही व्यवस्था उपलब्ध असते त्या वर्षी आष्टी, पाटोदा, केज किंवा माजलगावच्या ज्या कुटुंबाचे नाव निघते, त्याचा मक्केतल्या निवासाचा खर्च वाचतो, आणि हजच्या एकूण खर्चात निवासाचा वाटा केवढा असतो हे ज्यांनी हप्ते भरले आहेत ते जाणतात. पुण्याच्या किंवा नागपूरच्या यात्रेकरूला हा अधिकार नाही. बीडच्या यात्रेकरूला आहे. हज समितीकडे नाव लागल्यानंतर रुबातीच्या अर्जाची मुदत केव्हा आहे एवढी चौकशी वेळेवर करणे, हे दुसऱ्या कोणत्याही काटकसरीपेक्षा अधिक फलदायी आहे.

निवासाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मक्केत हरमपासून, म्हणजे काबा असलेल्या मशिदीपासून, जवळ राहणे आणि अझीझियासारख्या काही किलोमीटर दूरच्या वस्तीत राहून बसने ये-जा करणे यांच्या भाड्यांत मोठे अंतर असते. खाजगी उमराह सहलींच्या जाहिरातींतला निम्मा स्वस्तपणा याच अंतरातून निर्माण होतो. तरुण माणसाने दूर राहून पैसे वाचवावेत हे ठीकच. परंतु गुडघे दुखणाऱ्या सत्तरीच्या आईला दिवसातून अनेक वेळा बसच्या रांगेत उभे करून वाचवलेले वीस हजार रुपये हे वाचवलेले नसतातच. ज्या कामासाठी माणूस तेथे गेला ते काम, म्हणजे हरममध्ये निवांतपणे नमाज, त्या पैशाच्या बदल्यात त्याने विकलेले असते. म्हणून सहल आयोजकाला विचारावयाचा पहिला प्रश्न ‘किती रुपये’ हा नसून ‘इमारत कोणती, आणि तेथून पायी किती वेळ’ हा असावा, आणि त्याचे उत्तर तोंडी न घेता पावतीवर लिहून घ्यावे. हजसाठीचे खाजगी आयोजक अल्पसंख्याक मंत्रालयाकडे नोंदलेले असावे लागतात. ती नोंद पाहिल्यावाचून कोणाच्याही हाती पासपोर्ट आणि पैसे देऊ नयेत. नात्यातला, ओळखीतला, मशिदीत भेटणारा माणूस म्हणून विश्वासाने रोख रक्कम द्यावी आणि ऐनवेळी व्हिसाच आलेला नसावा, असे प्रकार वर्तमानपत्रांतून वारंवार वाचावयास मिळतात आणि त्यांत बुडालेली रक्कम क्वचितच परत मिळते.

आता चलनाच्या बट्ट्याकडे वळू. १९६६ च्या जून महिन्याच्या ६ तारखेला भारताने रुपयाचे अवमूल्यन केले आणि डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून एकदम साडेसात रुपयांवर गेला. त्या आसपासच्या वर्षांत परदेशी निघालेल्या विद्यार्थ्यांच्या आठवणींत खिशात केवळ आठ डॉलर असल्याचा उल्लेख पुनःपुन्हा येतो, कारण सरकार त्याहून अधिक घेऊ देत नसे. आज परिस्थिती अगदी उलट आहे. २००४ साली पंचवीस हजार डॉलरच्या मर्यादेने सुरू झालेली परदेशी पैसा पाठवण्याची उदार योजना आता माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पोहोचली आहे. चलनाचा दुष्काळ सरला आणि सुकाळात जी बेफिकिरी येते ती आली.

विमानतळावरच्या चलनविनिमयाच्या खिडकीवर ‘कमिशन नाही’ अशी पाटी असते. पाटी खोटी नसते. परंतु त्या खिडकीचा लाभ कमिशनात नसून भावात असतो. तेथे उभे राहून त्याच चलनाचा खरेदीचा भाव आणि विक्रीचा भाव असे दोन्ही विचारावेत. एका डॉलरला खिडकीवरचा माणूस जितके रुपये मागतो आणि तोच डॉलर परत दिल्यास जितके देतो, त्या दोहोंमधील जे अंतर त्याच्या सुमारे निम्मे म्हणजे आपल्याला लागणारा बट्टा. हे अंतर गावातल्या किंवा शहरातल्या बँकेत कमी आणि विमानतळावर सर्वांत अधिक असते. बीडच्या बँकशाखेत परदेशी नोटा हाती ठेवलेल्या असतीलच असे नाही. त्या मागवाव्या लागतात, आणि म्हणून निघण्याआधी निदान आठ-दहा दिवस विचारणा करावी, नाहीतर शेवटी छत्रपती संभाजीनगर, पुणे नाहीतर थेट मुंबईच्या विमानतळावर जो भाव मिळेल तो पत्करावा लागतो. पन्नास हजार रुपयांपर्यंतचे परकी चलन रोखीने घेता येते, त्यापुढे पैसे बँकेमार्फत द्यावे लागतात. खरेदीची पावती मात्र जपून ठेवावी. परतल्यावर उरलेले चलन १८० दिवसांत परत करावयाचे असते. दोन हजार डॉलरपर्यंतच्या नोटा पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येतात. नाणी मात्र कोणी परत घेत नाही, ती तिकडेच खर्चून यावे.

आणि आता यंत्राविषयी, कारण याच ठिकाणी चांगली शिकलेली माणसेही फसतात. समजा, माजलगावचा एक व्यापारी बँकॉकच्या दुकानात आपले क्रेडिट कार्ड देतो. दुकानदार कार्ड यंत्रात घालून यंत्र त्याच्यासमोर धरतो. पडद्यावर दोन ओळी उमटतात, एकीत थाई बाटमधील रक्कम आणि दुसरीत भारतीय रुपयांतील, आणि कोणती हवी ते बोटाने दाबावयाचे असते. रुपयाचे ओळखीचे चिन्ह पाहून व्यापारी ती ओळ दाबतो. आपल्याला नेमके किती पडले हे कळले म्हणून त्याला समाधानही वाटते. प्रत्यक्षात त्याने त्या परकी दुकानाच्या बँकेला आपल्या वतीने भाव ठरवण्याचा अधिकार दिलेला असतो, आणि तो भाव बाजारभावाहून शेकडा चारपाच, कधी त्याहूनही अधिक वाईट असतो. बाटची ओळ दाबली असती तर भाव कार्ड कंपनीच्या जाळ्याने लावला असता आणि तो जवळपास बाजाराचाच असता. परदेशात यंत्राने रुपये आणि तेथील चलन यांत निवड करावयास सांगितली तर तेथीलच चलन निवडावे. हा नियम मला माहीत असलेल्या सगळ्या प्रवासी नियमांत सर्वांत साधा आणि सर्वांत लाभाचा आहे.

ती ओळ बरोबर दाबली तरी आपल्याकडील बँकेचा बट्टा राहतोच. बहुतेक भारतीय क्रेडिट कार्डांवर परदेशी खर्चासाठी साडेतीन टक्क्यांच्या आसपास आकार लागतो आणि त्या आकारावर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे लाख रुपयांच्या खर्चावर साडेतीन हजार आणि त्यावरचे सहाशे तीस मिळून चार हजार एकशे तीस रुपये कोणत्याही वस्तूच्या रूपाने हाती न येता जातात. काही कार्डांवर हा आकार दोन टक्के किंवा त्याहून कमी असतो, काहींवर नसतोही. रुपये आधीच परकी चलनात रूपांतरित करून भरून ठेवण्याचे प्रवासी कार्डही मिळते. परंतु त्यात डॉलर भरून थायलंडमध्ये खर्च केला तर रुपयाचा डॉलर आणि डॉलरचा बाट असा बट्टा दोनदा बसतो. ज्या देशात जावयाचे त्याच देशाचे चलन त्यात भरता येते काय, हे आधी पाहावे.

नेपाळची गोष्ट वेगळी आहे, आणि बीड जिल्ह्याला ती जवळचीही आहे. कारण ज्या परळीत वैद्यनाथाचे ज्योतिर्लिंग आहे तेथील शिवभक्तांना काठमांडूच्या पशुपतिनाथाची ओढ असणे स्वाभाविक आहे. गोरखपूरहून सोनौलीची सीमा ओलांडून भैरहवामार्गे बसेस जातात. नेपाळी रुपया १९९३ पासून भारतीय रुपयाशी बांधलेला आहे, शंभर भारतीय म्हणजे एकशे साठ नेपाळी. भाव असा स्थिर असल्यामुळे येथे बट्ट्याला जागा नसावी, असे वाटते. परंतु सीमेवरचा दलाल शंभराला एकशे पंचावन्न देऊ पाहतो, आणि दुकानदार किंमत सांगतो ती कोणत्या रुपयात हे सांगत नाही. म्हणून तेथील बाजारात ‘आयसी की एनसी?’ हा प्रश्न, म्हणजे भारतीय चलनात की नेपाळी चलनात, प्रत्येक वेळी विचारावा लागतो. तो न विचारणारा माणूस रुद्राक्षाच्या माळेला निष्कारण दीडपटीहून अधिक पैसे मोजून येतो. नोटांच्या बाबतीतही दक्षता हवी. २०१८ च्या डिसेंबरात नेपाळने शंभरावरच्या भारतीय नोटांना मनाई केली. नंतर हा निर्बंध सैल करण्याच्या हालचाली झाल्या. निघण्याच्या आठवड्यातील नियम विचारून घ्यावा आणि शंभराच्या नोटा भरपूर जवळ ठेवाव्यात. विमानाने जाणाऱ्याने पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र न्यावे, केवळ आधार कार्डाच्या भरवशावर जाऊ नये. सर्वसाधारण वयाच्या प्रवाशाला त्यावर विमानात चढू देत नाहीत आणि तिकिटाचे पैसे जातात. मुक्तिनाथाला जाणाऱ्यांसाठी एक सूचना अशी की, पोखरा ते जोमसोम या छोट्या विमानाचे भाडे नेपाळी नागरिकाला एक, भारतीयाला दुसरे आणि इतर परदेशीयांना तिसरे असते, तेव्हा भारतीय दरानेच तिकीट काढले गेले आहे ना ते पाहावे. आणि त्या दरीत दुपारी वारा सुटत असल्यामुळे पहाटेचे विमान घेऊन एक दिवस हाताशी मोकळा ठेवावा.

सहल कंपन्यांबरोबर जाणे स्वस्त की महाग, हा वाद व्यर्थ आहे. १९८४ साली केसरी पाटील यांनी सुरू केलेल्या कंपनीपासून मराठी माणसाला परदेशात मराठी बोलणारा मार्गदर्शक आणि संध्याकाळी वरणभात मिळू लागला, आणि इंग्रजीची भीती असलेल्या, बीडसारख्या गावातून प्रथमच निघालेल्या वयस्क जोडप्याला त्या सोबतीचे मोल रुपयांत सांगता येणार नाही. मी स्वतः अशा जोडप्याला तीच वाट सुचवीन. परंतु सहलीचा कागद वाचताना ‘समाविष्ट’ या सदरापेक्षा ‘समाविष्ट नाही’ हे सदर अधिक लक्षपूर्वक वाचावे. दुपारचे जेवण, शहर कर, बक्षिसी, ऐच्छिक सहली हे सगळे तेथे असते. कार्यक्रमपत्रिकेत एखादी वास्तू ‘पाहणे’ म्हणजे बसच्या काचेतून पाहणे असू शकते. आत प्रवेशाचे तिकीट धरले आहे काय, हे स्पष्ट विचारावे. जी सहल भारतीय दराच्या मानाने अविश्वसनीय स्वस्त असते, तिच्यात अनेकदा दागिन्यांच्या आणि चामड्याच्या दुकानांत घालवावयाचे तास भरलेले असतात. प्रवाशाने दिलेली रक्कम कमी असते, कारण उरलेली रक्कम त्याच्या वेळेतून वसूल केली जाते.

बीडच्या प्रवाशाने तर किंमत मुंबईपासून धरूच नये. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड ते अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली आणि अनेक दशकांची मागणी पुरी झाली, हे आनंदाचे आहे. तरी मुंबईच्या विमानतळाचा पल्ला अजून जवळपास चारशे किलोमीटरचा आहे. व्हिसासाठी बोटांचे ठसे देण्याची फेरी, प्रत्यक्ष जाण्याची फेरी, परत येण्याची फेरी, प्रत्येक फेरीत एखादी रात्र लॉजवर, हे सगळे मिळवले म्हणजे हैदराबादहून किंवा पुण्याहून निघणारे थोडे महाग विमान पुष्कळदा स्वस्त ठरते. व्हिसा नाकारला तरी शुल्क परत मिळत नाही. युरोपातल्या शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून नव्वद युरो आहे, तेव्हा कागदपत्रे अपुरी असताना ‘बघू, मिळाला तर मिळाला’ म्हणून अर्ज करू नये. काळाचीही निवड असते. शेत मोकळे होते ते चैत्र-वैशाखात आणि शाळांना सुट्याही तेव्हाच, म्हणून आपली माणसे एप्रिल-मे महिन्यांत निघतात, आणि सगळा देश त्याच महिन्यांत निघत असल्यामुळे तिकिटे तेव्हाच चढलेली असतात. ज्यांना ना शेतीचे बंधन ना शाळेचे, त्या निवृत्त मंडळींनी तरी सप्टेंबर महिना धरावा.

परदेशी सहलीच्या रकमेवर १ ऑक्टोबर २०२० पासून सहल कंपनी एक कर वसूल करून सरकारात भरते. त्याचा दर आणि मर्यादा अर्थसंकल्पागणिक बदलत आल्या आहेत. परंतु लोकांना जे माहीत नसते ते असे की, हा कर खर्ची पडलेला नसतो. तो प्रवाशाच्या पॅनवर जमा असतो आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र भरले की देय करातून वजा होतो किंवा परत मिळतो. आमच्या जिल्ह्यात शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्यामुळे पुष्कळ सधन शेतकरी विवरणपत्र भरतच नाहीत, आणि त्यामुळे ज्याला एक पैसाही कर लागू नव्हता त्याचेच हजारो रुपये सरकारजमा राहतात. परदेशी सहल केलेल्या वर्षी विवरणपत्र भरावे. त्यासाठी करसल्लागाराला द्यावे लागणारे शुल्क परत मिळणाऱ्या रकमेच्या मानाने किरकोळ असते.

दुबईच्या सोन्याविषयी दोनच वाक्ये पुरेत. थोड्या दिवसांच्या सहलीवरून परतणाऱ्याला दागिन्यांची जकातमाफी नाही, ती वर्षाहून अधिक काळ परदेशी राहिलेल्यांसाठी आहे. आणि २३ जुलै २०२४ रोजी भारताने सोन्यावरील आयातशुल्क पंधरावरून सहा टक्क्यांवर आणले तेव्हा तर तिकडच्या आणि इकडच्या भावातले आकर्षणच पुष्कळ कमी झाले.

शेवटी अमेरिकेला जाणाऱ्या आईवडिलांविषयी, कारण सर्वांत मोठ्या रकमेचा धोका तेथेच आहे. तिकिटात पाच हजार वाचावेत म्हणून तीन विमाने बदलणारा मार्ग घेतला जातो आणि विम्यात दहा हजार वाचावेत म्हणून सर्वांत स्वस्त पॉलिसी. हे दोन्ही निर्णय मला चुकीचे वाटतात. अमेरिकेतील इस्पितळात एका रात्रीचा खर्च हजारो डॉलरांत जातो. तेथे विमा घेताना एकूण रक्कम पाहून भागत नाही. साठी-सत्तरीनंतर अनेक पॉलिसींत प्रत्येक उपचारावर निराळी मर्यादा असते, म्हणजे पॉलिसी पन्नास हजार डॉलरची असली तरी शस्त्रक्रियेला त्यातला अगदी लहान भाग मिळतो. आणि मधुमेह, रक्तदाब हे आधीचे आजार बहुधा वगळलेले असतात. आजार लपवून घेतलेला विमा दाव्याच्या वेळी उभा राहत नाही, तेव्हा ते सगळे खरेपणाने लिहून थोडा अधिक हप्ता भरावा. औषधे सहा महिन्यांची येथूनच न्यावीत, ती मूळ वेष्टनात असावीत, आणि डॉक्टरांकडून औषधाच्या रासायनिक नावासह इंग्रजीत चिठ्ठी घ्यावी. ज्यांना चालण्याचा त्रास आहे त्यांनी तिकीट काढतानाच चाकाच्या खुर्चीची मागणी नोंदवावी. विमान कंपन्या ही मदत विनामूल्य देतात, आणि खुर्ची ढकलणारा माणूसच इमिग्रेशनच्या खिडकीपासून पुढच्या विमानाच्या दारापर्यंत सोबत करीत असल्यामुळे परक्या विमानतळावर वाट चुकण्याची चिंता राहत नाही. विमा कंपनीचा चोवीस तासांचा दूरध्वनी क्रमांक आणि पॉलिसीचा क्रमांक कागदावर लिहून एक प्रत आईच्या पर्समध्ये, एक मुलाकडे आणि एक बीडमधल्या घरी ठेवावी, कारण शक्य असेल तेथे इस्पितळात दाखल होण्यापूर्वीच कंपनीला कळवावे अशी अट बहुतेक पॉलिसींत असते, आणि ती न पाळल्यास दाव्यात अडचण येते.